कमरेइतक्या पाण्यातला देव

प्रिय आत्याबाई,

तुम्ही होतात तेव्हा सासू-सून एकाच घरात, पत्र लिहायची वेळच कधी आली नाही. पण आज सकाळी नांदेडहून विद्याचा, तुमच्या नातीचा फोन आला. म्हणाली, "आई, आजीसारखा तूही देव पाण्यात घाल." मी माळ्यावरून तुमचं ते लहान पितळी पातेलं काढलं, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही.

आधी वाईट बातमी सांगते. तुमच्या दिगूला महिन्यापूर्वी अर्धांगाचा झटका आला. बोलणं जरा सुधारलंय, पण उजवा हात हलत नाही. जन्मभर फायली लिहिलेला हात नुसता उशीवर पडून असतो. डॉक्टर म्हणतात, वाट पाहा. मी वाट पाहते, त्यांना भरवते, कूस बदलून देते आणि मोरीत जाऊन रडते. रागावू नका. घरात रडायला दुसरी जागा नाही!

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाचे दिवस आठवतात का हो? हे उस्मानाबादेत कारकून, आपण दोघी औशात. नव्या जिल्ह्यात कोणकोण जाणार त्याची यादी निघायची होती. यादीत नाव आलं तर हे घरून लातूरला जाऊन-येऊन नोकरी करतील. नाही आलं तर शनिवारी यायचं आणि सोमवारी पहिल्या एस.टी.नं निघायचं, हे काही सुटणार नव्हतं. त्यात दुष्काळ. टँकरच्या रांगेत एक घागर मिळायची, ती दोन दिवस पुरवायची. आणि विद्या दोन वर्षांची, तापानं फणफणलेली. मी स्वतःच पोरसवदा होते. माझ्या हातात काय होतं? काहीच नव्हतं!

तुम्ही देवघरातला चार बोटांचा बालाजी उचललात, पातेल्यात उभा केलात आणि त्याच्या गळ्यापर्यंत पाणी ओतलंत. "दिगूचं नाव निघंस्तोवर ह्याला पान्यात ठिवनार," म्हणालात आणि घागर काखेला लावून रांगेकडे निघालात.

माझी जीभ तेव्हाही तिखटच. मी विचारलं, "देवावर सोडलंय ना सगळं? मग उन्हात कशाला निघालात?"

तुम्ही डोक्यावर पदर घेत म्हणालात, "यादी त्याच्या हातात हाय. घागर माझ्या."

आता जे सांगते ते आजवर कुणालाही सांगितलं नाही. ह्यांनाही नाही.

त्या दुपारी विद्याचं अंग भाजत होतं. माठात खडखडाट. कपाळावर घडी ठेवायची तर फडकं भिजवायला थेंब नव्हता. आणि देव मात्र गार पाण्यात उभा! मला असा संताप आला म्हणून सांगू! मी वाटी घेतली आणि देवाचं पाणी काढलं. एक वाटी, मग दुसरी. पाणी त्याच्या गळ्यावरून कमरेपर्यंत उतरलं तेव्हा कुठे थांबले. पोरीच्या कपाळावर घड्या ठेवल्या. घटकाभरानं पोरीनं डोळे उघडले.

तुम्ही आलात, देवापुढे हात जोडलेत. मी चुलीकडे तोंड करून बसले. आता ऐकून घ्यावं लागणार! पण तुम्ही उठून आणलेली घागर माठात ओतलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पाणी पुन्हा गळ्यापर्यंत. आणि तुम्ही म्हणालात, "आज माझा निर्जळी उपास हाय." चहाचा घोटसुद्धा घेतला नाहीत.

वर ते पातेलं देवघरातून उचलून विद्याच्या बाजेजवळ आणून ठेवलंत. "तिकडं लई उकडतंय त्याला. हितं असू दे, पोरीपाशी." एवढं बोलून पुन्हा रांगेत. मी मनात हसले की म्हातारीला नातीपेक्षा देवाच्या उकाड्याची काळजी! तीन दुपारी मी त्यातलं पाणी चोरलं. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी तुमचा कसला ना कसला उपास निघाला.

चौथ्या दिवशी ताप उतरला. आणि शनिवारी हे आले ते मान खाली घालून. यादीत नाव नव्हतं.

मी मनात म्हणाले, देवाच्या तोंडचं पाणी पळवलं, दुसरं काय होणार! तुम्ही मात्र देवाला बाहेर काढलंत, पदरानं पुसलंत आणि त्याच्यापुढे चिमूटभर साखर ठेवलीत. मी भडकलेच. "नाव आलं नाही, साखर कशाची?"

"इतके दिस पान्यात हुभा राह्यला आपल्यासाठी. पाय गारठले असतील की त्याचे."

"पण ऐकलं कुठं त्यानं?"

"ऐकलं की! व्हय म्हनला न्हाई, एवढंच."

पुढे दीडेक वर्षानं ह्यांची लातूरला बदली झाली. तेव्हा कुणीही देव पाण्यात घातला नव्हता. तरी माझ्या मनातला काटा काही गेला नाही. ते दीड वर्ष ह्यांनी एस.टी.त काढलं ते माझ्यामुळे, असंच मी धरून बसले होते.

आणि आज, आत्याबाई, त्याच पातेल्यात मी बालाजी उभा केला. नळाखाली धरून गळ्यापर्यंत पाणी भरलं. मग काय मनात आलं, दोन वाट्या काढून पाहिल्या. पाणी कमरेपर्यंत उतरलं. अहो, हे कुणालाही दिसलं असतं! तुम्ही तर रोज त्याच्यापुढे बसत होतात. तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तुमचे उपास. म्हणून ते पातेलं पोरीपाशी. तुमच्या वाटणीचं पाणी तुम्ही देवाला घालत होतात, आणि देवाच्या वाटणीचं मला घेऊ देत होतात!

एकदा तरी बोलायचं होतंत ना! "सुमन, मला ठाऊक हाय" एवढे चार शब्द. मी तुमच्या पायांवर डोकं ठेवलं असतं. तुमच्या शेवटच्या आजारात चमच्यानं पाणी पाजताना दहादा हे ओठांवर आलं आणि मी गिळलं. तेव्हाही तुम्ही नुसत्या माझ्याकडे पाहत होतात.

तुमच्यासारखा भरवसा मला जमत नाही. मला उत्तर लागतं, तेही लगेच. पण पातेलं मी ह्यांच्या खाटेजवळ ठेवलंय. दुपारी उकाड्यानं हे घामाघूम झाले, तेव्हा त्यातल्याच पाण्यात फडकं भिजवून त्यांचं तोंड पुसलं. चोरून नाही, देवाला सांगून. ह्यांनी पातेल्याकडे पाहिलं आणि जड जिभेनं म्हणाले, "आईचं." मग आम्ही दोघंही रडलो. या वेळी मोरीत नाही.

आत्याबाई, तुम्हाला शब्द देते. हा हात उचलला गेला तर देवाला बाहेर काढून साखर ठेवीन. नाहीच उचलला, तरी त्याला फार दिवस गारठत ठेवणार नाही. पदरानं पुसीन आणि साखर ठेवीन. साखर ठेवील मात्र तुमचा दिगूच. डाव्या हातानं.

तुमची पाणीचोर सून,
सुमन