रक्षेवरचा साग

प्रिय राजश्री,

तुला आणि सोनूला जयभीम. फोनवर बोलले असते, पण मला आधी रडूच कोसळतं आन् तू दवाखान्याची ड्यूटी टाकून गुलबर्ग्याहून पळत येशील. म्हणून लिहायलेय. तुझे सासरे बरे हायत. गुडघा दुखतो म्हणतात आणि दिवसभर रानात फिरतात, आता काय बोलायचं!

माझा धम्मानंद गेला तेव्हा आपण त्याची रक्षा नदीत सोडली न्हाई. जंगलाला लागून आपला बांध हाय, तिथं खड्ड्यात घातली आणि वर साग लावला. पहिलं पाणी तूच घातलंस. सोनू सुट्टीत आली की खोडाला मिठी मारती, पप्पा किती उंच झाले म्हणती. तो साग औंदा पार उतरलाय गं. पानांची नुसती जाळी उरलीय, खोडाला भोकं पडलीत, बुडाशी भुसा सांडायलाय.

कीड दिसली तशी तुझ्या सासऱ्यांनी तुरीवरचं औषध फवारलं. जन्मभर तूर केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? खोडातल्या अळीला काहीच झालं न्हाई, अळ्या खाणाऱ्या मुंग्या तेवढ्या मेल्या. मी लई भांडले. मग माझी तरी अक्कल बघ, मी रोज घागर नेऊन हाताला येतील ती पानं धुवायला लागले. सकाळी धुवावीत, तर सांजच्याला पलीकडच्या सिमेंट कंपनीची राखाडी धूळ परत बसलेली.

जंगल खात्याचे बसवप्रभु साहेब येऊन बघून गेले. कीड म्हणे पहिल्यापासून होतीच, झाडं तिला दाद देत नव्हती. कंपनीच्या धुरानं झाडं आतून कमजोर झाली, म्हणून ती माजली. मग कंपनीला कुणी विचारत कामून न्हाई म्हणलं, तर साहेब चप्पल घालायला लागले.

आता खरं लिहिते. साहेब सांगून गेलेत, हा साग तोडून जागेवरच जाळायचाय, न्हाईतर अळी मागच्या सगळ्या जंगलात पसरंल. मी व्हय म्हणलंय. धम्मानंदला त्या जंगलाची लई माया होती, त्यानंबी हेच केलं असतं. कुऱ्हाड तुझे सासरे चालवतील. पण पेटवायचं कुणी? एकदा आम्ही त्याला आगीत दिलाय, राजश्री. दुसऱ्यांदा आमचा हात उठत न्हाई. तू ये. सोनूला आणू नको.

तुझीच,
आई