हा कॅमेरा शोकेससाठी नाही

ब्रह्मा घाट, काशी
१९ नोव्हेंबर २०२५, बुधवार

चि. निमिष,

तुला आणि सूनबाई अंतराला आईचे आशीर्वाद. तुझ्या वाट्याचे आज जरा हात राखूनच देते आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. इथे सगळं ठीक. थंडी सुरू झाली, चौकात दुधाच्या गोड फेसाची मलइयो आली, दोनदा खाल्ली. अक्षर वाकडं दिसलं तर लक्ष देऊ नकोस, कागद सरकतो आहे.

तीस तारखेला तू मला पुण्याला कायमचं न्यायला येणार आणि बाबांचा कॅमेरा तुमच्या दिवाणखान्यात शोकेसमध्ये ठेवणार, असं तू देवदत्त भाऊजींना सांगितलंस. मला नाही, माझ्या दिराला. वा रे वा. मी काय सामान आहे?

भाऊजींचं म्हणणं तर मी रोजच ऐकते. "वहिनी, शरददादाला जाऊन अजून वर्ष झालं नाही, आणि तुम्ही गळ्यात कॅमेरा अडकवून घाटावर. आपले जजमान बघतात हो, अच्छा नहीं लगता." मी म्हटलं, "आणि तुम्ही परदेशातल्या जजमानांना पिंडदान मोबाईलवर लाइव्ह दाखवता, ते अच्छा लगता का?" तेव्हापासून आमचं दूध-भाजीपुरतंच बोलणं आहे.

तुला वाटतं, मी दुःखात कशीतरी वेळ काढते आहे. अरे, मला मजा येते. हा पंधरा वर्षांचा म्हातारा कॅमेरा डिजिटल असला तरी स्वतःहून काही करत नाही. खिडकीतून बघितलं की मधल्या चौकोनात माणूस दोनदा दिसतो. लेन्सचं कडं फिरवून दोन्ही एकमेकांवर बसवायचे, तेव्हा कुठे फोकस. मला वेळ लागतो. फुलवाली इंदू आधी हसरं तोंड करून बसते, मग कंटाळते, "का चाची, भयल कि नाहीं?" म्हणून झालं का ते विचारते आणि पुन्हा माळ ओवायला लागते. तेव्हा मी बटण दाबते. तुमच्या फोनवर असं तोंड यायचं नाही.

अंधार पडला की याला झेपत नाही, सगळं दाणेदार येतं. मलाही संध्याकाळी कुठे काय झेपतं. आम्ही दोघं सकाळी निघतो.

आता पडल्याचं. हो, पडले. भाऊजींनी तुला खरं तेच सांगितलं. संकठा घाटाच्या पायरीवर शेवाळ होतं. मी उजव्या हाताने कॅमेरा वर धरला आणि डावा खाली टेकला. मनगटाला महिनाभर प्लास्टर आहे, म्हणून कागद धरता येत नाही. कॅमेऱ्याला ओरखडाही नाही, आणि हे मी मान वर करून सांगते आहे. एका हाताने कडं फिरत नाही, तर ते दोन मीटरवर लावून ठेवलंय आणि माणसापासून तेवढ्या अंतरावर मीच जाऊन उभी राहते. चालतं.

आणखी एक आहे. तुझ्याशी मी खोटं बोलले होते, ते आज निस्तरते.

तेराव्याला तू विचारलंस, बाबांचा शेवटचा एकही फोटो कसा नाही? मी म्हटलं, त्यांनी काढू दिला नाही. काढू दिला होता. जाण्याच्या पाच दिवस आधी बरं वाटत होतं, दुर्गाघाटाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, आज तू काढ. तोवर त्या कॅमेऱ्याला मी फडक्यापलीकडे हात लावला नव्हता. अकरा काढले. लेन्सवर झाकण तसंच होतं. याची बघायची खिडकी वेगळी असते, लेन्स झाकलेली असली तरी आपल्याला सगळं लख्ख दिसतं. अकराच्या अकरा काळे आले.

घरी येऊन कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर ते बघितले, रडले आणि मग भांडले. समोर बसून त्यांना झाकण दिसत होतंच की. सांगितलं का नाही? तर म्हणाले, "किती मन लावून काढत होतीस. टोकलं असतं तर लाजून खाली ठेवला असतास आणि परत कधी उचलला नसतास. उद्या पुन्हा काढू." दुसऱ्या दिवशी ताप चढला, तो उतरलाच नाही.

तुझ्या बाबांचा चेहरा मी घालवला, निमिष. त्याचं दुःख मी मरेपर्यंत बाळगेन, त्यात तू आणि भाऊजींनी वाटेकरी व्हायची गरज नाही. पण त्यांनी ज्या कॅमेऱ्यासाठी स्वतःचा शेवटचा फोटो जाऊ दिला, तो मी काचेआड जाऊ देणार नाही. मीही जाणार नाही.

तीस तारखेला जरूर ये, अंतरालाही आण. तुझा फोटो काढायचा आहे, त्यांचं नाक तुझ्याकडे आलंय. चार दिवस राहा, आणि परतीची तिकिटं तुमची दोघांचीच काढ.

तुझी, इथेच राहणारी,
आई