मोटारीच्या जागी ठोकळा

आई, मागच्या वेळी तुला लिहिताना एक चूक झाली. तू मला पहिल्यांदा कागदावर काढायला लावलंस ते कुकरचं झाकण नव्हतं, शिलाई मशीन होतं. काकूला विचारलं, तिला नीट आठवत होतं. गारखेड्याच्या घरात तू भाकरी थापते आहेस आणि मी ओट्याशेजारी जमिनीवर बसून मशीन काढते आहे. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तू ट्रेसिंग करायचीस, साहेबांची ड्रॉइंग पातळ कागदावर गिरवायचीस, त्यामुळे शाळेत जायच्या आधीच मला वस्तू समोरून, वरून, बाजूनं काढता यायची. त्या दिवशी मशीनचं चाक मी भिंतीला चिकटवून काढलं होतं. पिठाच्या हातानंच कागद उचलून तू म्हणालीस, "हे फिरंल कुठं? हात घालायला जागा ठेव की, बाई." मी जेवेपर्यंत रुसले होते.

आता मी पॅकिंगची मशिनं बनवणाऱ्या कंपनीत आहे. तुझ्या टेबलावर एक कागद असायचा. माझ्या स्क्रीनवर अख्खं मशीन असतं, हजारो भाग एकमेकांना बांधलेले, आणि प्रत्येक ड्रॉइंग त्या मशीनकडूनच मापं घेतं. सगळं एकदम उघडलं की कम्प्युटर गोठतो. म्हणून आमच्याकडे रीत आहे: नटबोल्ट लपवायचे, विकतच्या मोटारीच्या जागी साधा ठोकळा बसवायचा. मग काम पळतं.

गेल्या आठवड्यात एका ड्रॉइंगचं शीट तरीही उघडताना रखडत होतं. का, ते शोधणं माझं काम नव्हतं, पण चैन पडेना. जेवणाच्या सुट्टीत भागांचा एकेक गट बंद-चालू करत गेले. त्या नादात ठोकळा काढून खरी मोटार बसवली आणि सहज मशीनच्या चेनवरच्या कव्हरचं दार स्क्रीनवर उघडून पाहिलं. दार मोटारीच्या वायरींच्या डबीतून आरपार गेलं. ठोकळ्याला ती डबी नव्हतीच, म्हणून इतके दिवस दार छान उघडत होतं. खऱ्या मशीनवर ते अर्ध्यात अडेल, आणि चेन साफ करणाऱ्याला तेवढ्या फटीतून हात घालावा लागेल.

ठोकळा आमच्या सरांनी बसवलेला. सर सिल्लोडचे, मनानं चांगले, पण माझ्या तपासण्याची त्यांना गंमत वाटते. सगळे भाग एकदा उघडून बघू या का, असं विचारलं तर म्हणाले, "लई खोलात जाऊ नका, मॅडम. कम्प्युटर मान टाकंल, मग तुम्हीच रडत बसताल." सगळे हसले, मीही हसले, आणि दाराचं सांगायचं राहिलं. मोटार फिरवून डबी पलीकडे घेतली तर दार मोकळं होतं. माझ्या कॉपीत मी करून पाहिलंय. पण मूळ फाइल सरांकडे आहे, त्यांनी सोडल्याशिवाय मला बदलता येत नाही. ड्रॉइंग शुक्रवारी खाली शॉपमध्ये भाग बनवायला जाणार. आणि मला कायम करायचं की नाही, हेही सरच ठरवणार.

तुमच्या ऑफिसात साहेबाच्या ड्रॉइंगमध्ये चूक दिसली तर तू काय करायचीस गं? ट्रेसिंग करणाऱ्या बाईचं साहेब लोक ऐकायचे का? तू होतीस तेव्हा हे विचारण्याइतकी मी मोठी नव्हते.

हे पत्र कुठं पाठवणार, माझ्याजवळच राहील. आज सोमवार. सर दिवसभर शेजारच्या खुर्चीत होते, आजच सांगता आलं असतं. मी डबीचं माप पुन्हा पुन्हा तपासत बसले. ते पहिल्याच वेळी बरोबर आलं होतं. उद्या सर गिऱ्हाइकाकडे जाणार आहेत. बुधवारी सकाळी सांगते.