बाकीची नऊ बोटं

पुसेगाव, ता. सेनगाव

प्रिय ऐश्वर्या,

पाकीट पाहून हसली असशील. घरात मोबाईल असताना ही बया पोस्टाचं तिकीट लावून काय लिहीत बसली? कारण आहे, पण ते शेवटी. आधी मला पोटभर सांगू दे, कारण आनंद एवढा झालाय की गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा दोनदा सांगून झालं. माझा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला गेला! अगदी शेवटच्या हिरव्या खुणेपर्यंत. म्हणजे आता बी.ए.चं दुसरं वर्ष पक्कं. आमच्या घरचा करार तुला ठाऊकच आहे. लग्नाच्या बैठकीतच माझ्या सासऱ्यांनी, संतराममामांनी, बाबांना सांगितलं होतं की पोरीला शिकू देऊ, पण कॉलेजचा खर्च शिष्यवृत्तीतून निघाला पाहिजे. अर्ज राहिला असता तर माझी वह्या-पुस्तकं माळ्यावर गेली असती.

कागदपत्रांचं काही अडलं नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लग्नानंतर बदललेलं नाव, सगळं एकेक करत जमलं. घोडं अडलं ते अंगठ्यावर. माझ्या आधारला नंबर जोडलाय बाबांच्या जुन्या मोबाईलचा, आणि तो मोबाईल मोटार बघताना विहिरीत पडून दोन वर्षं झाली. ओटीपी आलाच असता तर बेडकांना आला असता. तो नंबर बदलायलाही अंगठाच लागतो, ही आणखी गंमत. मग सेनगावच्या सेवा केंद्रात जाऊन यंत्रावर अंगठा ठेवला, तर यंत्र म्हणतं ओळख पटत नाही. उजवा झाला, डावा झाला. सोयाबीनच्या काढणीत शेंगांनी बोटं सोललेली, वरून रोजची राखेनं घासलेली भांडी, ओळख पटणार कशाची? मागच्या रांगेत कुरबुर सुरू झाली, आणि केंद्रातल्या दादांनी मला बाजूला केलं. मी एसटीत खिडकीकडं तोंड करून रडले.

घरी आल्यावर ही हकिकत माझ्या सासूबाईंच्या कानावर गेली. शकुआत्याबाईंना तू लग्नात पाहिलंयस. बेसूर वाजवतो म्हणून ज्यांनी बँडवाल्याला मांडवातून परत धाडला होता, त्याच. त्यांना वाटलं, अंगठा मळलेला आहे म्हणून यंत्र घेत नाही. "माझ्या घरची सून, अन् यंत्र तिला वळखीना? काहून?" असं म्हणत त्यांनी न्हाणीतली पाय घासायची वज्री आणली, माझा हात मांडीवर धरला आणि दोन्ही अंगठे असे घासले की मागच्या जन्मीचा मळसुद्धा निघाला असावा. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर केंद्रात आल्या त्या मोठ्या तोऱ्यात. दादांनी माझा अंगठा उजेडात धरून पाहिला. आधी चार रेषा तरी होत्या, आता तो सोललेल्या कांद्यासारखा गुळगुळीत. अर्जाची मुदत जवळ आलेली. परतीच्या वाटेवर आत्याबाई माझा अंगठा पदरात धरून बसल्या. ऐश्वर्या, त्यांचा तोरा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला आणि मला माझ्यापेक्षा त्यांचंच वाईट वाटलं.

सकाळी उठले तर फर्मान निघालेलं. अंगठ्याच्या रेषा परत येईपर्यंत कोमलनं पाण्यात हात घालायचा नाही, विळ्याला शिवायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही. सोयाबीनची रास अजून खळ्यावर होती, माणसं पुरत नव्हती, आणि मी आपली ओसरीवर पुस्तक घेऊन, दहा बोटांना लोणी लावून बसलेली! भांडी आत्याबाई स्वतः घासायच्या. मामांनी अंगण झाडायला घेतलं, पण कुणी रस्त्यानं जाताना दिसलं की खराटा भिंतीआड ठेवून मिशीवरून हात फिरवायचे. आमच्या ह्यांच्याकडं भाकऱ्या आल्या. वैजनाथराव ट्रॅक्टर उलटा घालून गल्लीतून काढतील, पण भाकरी काही त्यांच्या हातून परातीबाहेर निघेना. शेवटी तिचे तुकडे करून पिठल्यात टाकले आणि नवा पदार्थ केला असं सांगितलं. मी हसले की म्हणायचे, "हस, हस. रेघा येऊन राहिल्या का ते सांग आधी." रोज सकाळी सगळं घर माझ्या अंगठ्याभोवती जमायचं. इतके लाड माझे माहेरीसुद्धा झाले नव्हते, आईला सांगू नकोस.

गावाला मात्र वेगळाच वास लागला. सून बसून खाते, सासू भांडी घासते, म्हणजे गोड बातमी असणार! शेजारच्या काकू कच्च्या चिंचा घेऊन आल्या, कुणी आवळे आणले, एकीनं तर माझी चाल बघून मुलगा होणार हेही सांगून टाकलं. मला लाजेनं कुठं तोंड लपवू असं झालं. आत्याबाईंनी खुलासा करावा की नाही? अजिबात नाही. "आणल्यात तर ठिव बाई," म्हणत सगळ्या चिंचा पदरात घेतल्या आणि मीठ लावून स्वतःच खाल्ल्या.

मुदतीच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा केंद्रात. अंगठा दिसायला तरी बरा झाला होता. मी देवाचं नाव घेऊन ठेवला. लाल. पुसून ठेवला, लाल. पुन्हा दाबून ठेवला, तरी लाल. एवढ्या माणसांचे कष्ट, आत्याबाईंचं ते भांडी घासणं, सगळं वाया गेलं असं वाटून मी खुर्चीवरून उठलेच. तेवढ्यात आत्याबाईंनी खांद्याला धरून मला परत बसवलं आणि दादांना म्हणाल्या, "अंगठा न्हाई तर न्हाई. बाकीची नऊ बोटं काय शोभेला हाईत? मी धाईच्या धाई सांभाळलीत!" रांगेत हशा पिकला. दादाही हसले, म्हणाले, "चालतात की मावशी, कोणतंबी चालतं. त्या दिवशी गर्दीत माझ्याबी ध्यानात आलं न्हाई." मग एकेक बोट सुरू झालं. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला यंत्रानं थोडा विचार केला आणि हिरवी खूण दाखवली. आत्याबाईंनी ते बोट धरून त्याचा मुका घेतला, भर केंद्रात! बाहेर आल्यावर भजी घेतली, ती त्यांनी मला स्वतःच्या हातानं भरवली, कारण बोटांना तेल लागायला नको. अर्ज भरून झाला होता तरी.

येताना जीपमध्ये त्यांनी तुझा विषय काढला. तुझ्या त्या मैत्रिणीनं दसऱ्यानंतर कॉलेज काहून सोडलं, म्हणाल्या. मी म्हटलं, खर्चाची सोय होईना, आणि घरात हाताखाली माणूस नाही. कुठं दिलीय तिला? नरसीला. सासू कोण? गयाबाई. त्याबरोबर आत्याबाई जीपमध्ये एवढ्यांदा "गयी?" म्हणून ओरडल्या की ड्रायव्हरनं ब्रेक मारला. नरसी त्यांचं माहेर, हे मला माहीत होतं. पण तुझ्या सासूबाई आणि त्या चौथीपर्यंत एका बाकावर होत्या, हे आत्ता कळलं. मग घर येईपर्यंत फक्त गयी. गयी किती हुशार, गयीच्या पाटीवरची गणितं बघून मी पास झाले, अन् गयीची शाळा बंद केली तवा दोघी देवळाच्या ओट्यावर बसून रडलो.

ऐश्वर्या, तुझं नाव अजून हजेरीत आहे. मॅडम रोज पुकारतात आणि मी रोज "येणार आहे" म्हणून सांगते. अर्जाची मुदत आता वाढलीय, म्हणजे तुझा अर्ज अजून बसतो. हे फोनवर सांगता आलं असतं, पण ते तू एकटीनं ऐकलं असतंस. तुमच्या घरी आलेलं पाकीट आधी तुझ्या सासूबाई उघडून वाचतात, असं तू एकदा म्हणाली होतीस. म्हणून तर हे पत्र. गयाबाई, इथवर वाचलंत ना? नमस्कार करते. शकुआत्याबाई माझ्याशेजारी बसल्यात आणि पुढचं त्यांच्या शब्दांत लिहायला सांगतात: "गये, रविवारी मी येऊन राहिले. तोवर पोरीला पाण्यात हात घालू दिऊ नको. भांडी तशीच राहू दे, आपण दोघी मिळून घासू."

तुझीच,
कोमल