हिरव्या शाईतली मंजुरी

३ मार्च, मंगळवार. सकाळी ६.१०

वही सुरू. चामडी बांधणी, ६४०, कार्डावर. ऑफिसच्या स्टोअरमधून घेता आली असती, पण नाही. बावीस वर्षं स्टोअरकीपर आहे, एक टाचणी घरी आणलेली नाही. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. मी तळ्याकडे पाठ करून बसतो.

काल जेवताना बायको म्हणाली की खालचा घड्याळवाला १ जूनला दुकानाचा गाळा सोडतोय, आणि तो तिला हवाय. सतरा वर्षं ती जेवणाच्या टेबलावर लोकांचे कपडे शिवतेय. आम्ही जेवायला बसण्याआधी टाचण्या मोजून घेतो. बँकेचं कर्ज काढणार म्हणाली. १५ मेला कागद द्यायचे, सहअर्जदार मी. तुमच्यासारखा काटेकोर माणूस बरोबर असल्यावर बँक कशाला नाही म्हणतेय, असंही म्हणाली. मुलीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग बाथरूममध्ये जाऊन क्रेडिट कार्डाच्या बिलांची सात पाकिटं फोडली. ऑगस्टपासून माझ्या लोकरी टोप्यांच्या खणात होती. एकूण १,८७,४१२. घरात कुणाला पत्ता नाही. याला कर्ज म्हणणं बरोबर नाही. रक्कम तुंबली आहे, एवढंच.

१५ मेपर्यंत शून्य करायची. या महिन्याचा धरून तीन पगार आहेत. महिन्याला ६२,४७१ भरले की झालं. पगार ५४,०००. थोडी काटकसर करावी लागेल.

५ मार्च, गुरुवार

उपाय सापडला. इतका सोपा की स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

माझ्या स्टोअरमध्ये मागणीपत्राशिवाय पान हलत नाही. वस्तू, नग, कारण, मागणाऱ्याची सही, मंजूर करणाऱ्याची सही. शिवाय माझा नियम: रिकामी रिफिल द्या, भरलेली न्या. यावरून लोक मला मागे 'रिकामी' म्हणतात. दरारा आहे.

तर आजपासून कार्डालाही हाच नियम. मंजूर मागणीपत्राशिवाय कार्ड पाकिटातून बाहेर निघणार नाही. मागणारा मी, मंजूर करणाराही मीच, पण मंजुरीची सही हिरव्या शाईत. शाई बदलली की माणूस बदलतो. मंजुरीला बसलो की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

मागणीपत्र १: हिरव्या शाईचं पेन. ८५०. कारण: मंजुरी देण्यासाठी. मंजूर.

मागणीपत्र २: मागणीपत्रं ठेवायला फाइल. ३८०. मंजूर.

८ मार्च, रविवार

मागणीपत्र ३: कर्जातून बाहेर पडण्यावरचं जाडजूड पुस्तक. ४९९. मंजूर. प्रस्तावना वाचली. लेखक म्हणतो, पहिली पायरी म्हणजे आपली चूक कबूल करणं. बाकीच्या पायऱ्या सवडीने बघू.

१२ मार्च, गुरुवार. दुपारी

कार्डवाल्या बाईंचा फोन. आवाज गोड. म्हणाल्या की आपला व्यवहार पाहून बँकेने मर्यादा दोन लाखांवरून तीन लाख केली आहे.

वापरण्याजोगी शिल्लक काल १०,२१९. आज १,१०,२१९. एका रात्रीत लाखाने सुधारणा! आणि मी अजून एक पैसाही भरलेला नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे बँकेने अंथरूणच वाढवून दिलं. बँक काही खुळी नाही.

१४ मार्च, शनिवार

बाहेरच्या कॉफीवर माझे महिन्याला ११०० जातात. हाच तो गळका नळ. मागणीपत्र ४: कॉफी मशीन. १८,९००. कारण: काटकसर. मंजूर. सतरा-अठरा महिन्यांत पैसे वसूल, त्यापुढे कॉफी फुकटच.

बायकोने विचारलं, हे कुठून आलं? तोंडातून निघून गेलं की ऑफिसने दिलं, उत्कृष्ट स्टोअरकीपर म्हणून. तिने लगेच बहिणीला फोन लावला. मग शेजारणीला. मग मला ओवाळायचीच बाकी राहिली होती. वाईट वाटलं. पण देणारं ऑफिस असतं तर मलाच दिलं असतं, त्यामुळे पूर्ण खोटंही नाही.

१९ मार्च, गुरुवार

बसभाडं वाचवायचं. मागणीपत्र ५: सायकल. १४,५००. मंजूर.

२१ मार्च, शनिवार

मागणीपत्र ६: गुडघ्याचा पट्टा. ११५०. मंजूर. सायकल जिन्याखाली. बस चालू.

२ एप्रिल, गुरुवार

पगार झाला. ६२,४७१ भरायचे होते. घरभाडं, किराणा, मुलीची फी, वीज. किमान रक्कम ९,३७१ भरली. भरली हे महत्त्वाचं. शिस्त लागतेय.

कार्डाचा आकडा २,२१,५६०. छपाईत काही घोळ असावा.

आमच्या ऑफिसात हिशेब विभागात एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे दशांश म्हणतात, कारण ते वेळसुद्धा 'साडेचार पॉइंट दोन' अशी सांगतात. त्यांना सहज विचारलं की माझ्या एका मित्राचं असं असं आहे. त्यांनी पेन्सिल घेतली. म्हणाले, तुमच्या मित्राने किमान रक्कमच भरत राहायचं ठरवलं आणि आजपासून एक काडीही विकत घेतली नाही, तरी १९.३३ वर्षं. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, मित्राला सांगा, घरी सांगून टाक.

मित्राला कळवतो म्हटलं.

७ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी

ऐतिहासिक दिवस. पहिलं नामंजूर मागणीपत्र!

मुलीचे बूट फाटले आहेत. ती स्वतःहून म्हणाली, बाबा, एवढ्यात नकोत, आईच्या दुकानाचं झालं की घेऊ. तरी मी रीतसर मागणीपत्र ११ भरलं, हिरवं पेन उचललं आणि लिहिलं: नामंजूर. अक्षर एकदम सरळ. कार्डावर ताबा आल्याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

८ एप्रिल, बुधवार

सकाळी ती शाळेत जाताना बुटात पुठ्ठा घालत होती. शिट्टी वाजवत. मी खाणं अर्धवट ठेवलं.

मागणीपत्र ११ फेरविचारासाठी घेतलं. मंजूर. दुसरा जोड अर्ध्या किमतीत होता, म्हणून मागणीपत्र १२: मला बूट. मंजूर. अर्धी किंमत वाचवली.

१८ एप्रिल, शनिवार. दुपारी १२.४०

झालं! कर्ज फिटलं!!

कार्डवाल्या बाईंचा रोज फोन येतो, हल्ली आवाज तितका गोड नाही. (बायकोला सांगितलंय की ऑफिसातल्या आहेत, खडूंचा साठा विचारतात. आमच्याकडे खडू लागत नाहीत, हे तिला माहीत नाही.) गेल्या आठवड्यात मात्र दुसऱ्याच बँकेच्या बाईंचा फोन. म्हणाल्या, नवीन कार्ड घ्या, जुन्याची सगळी रक्कम आम्ही भरून टाकतो.

मी उभाच राहिलो. रिकामी द्या, भरलेली न्या! बावीस वर्षं जो नियम मी लोकांना शिकवतोय, तोच बँकेने मला सांगावा? जुनं कार्ड: २,३८,११५ होते, आज शून्य. शून्य! आकडा तीनदा पाहिला. नवीन कार्डावर २,४२,८७७ दिसतात, पण ते नवीन आहे. नव्या वस्तूला सुरुवातीला त्रास असतोच.

दशांशना सांगितलं की मित्र सुटला. ते म्हणाले, ही याची टोपी त्याच्या डोक्यावर, डोकं तुमच्या मित्राचंच. हिशेबवाल्यांना स्टोअरचं काम कळत नाही.

२६ एप्रिल, रविवार

बायको गाळ्याची मापं घेऊन आली. टेपने नाही, साडेअठरा पावलं. कागदावर आखून दाखवत होती: इथे मशीन, इथे आरसा, इथे कापायचं टेबल, ज्यावर कुणी जेवणार नाही. हे शेवटचं दोनदा म्हणाली. तिला इतकं बोलताना बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. मला फार प्रेम वाटलं.

जुनं कार्ड रिकामंच आहे.

मागणीपत्र ३१: दुकानाची पाटी, दिव्यांची. ३२: गिऱ्हाइकांना बसायला दोन खुर्च्या. ३३: उभा आरसा. कारण तिन्हींना एकच: तिला आनंद व्हावा म्हणून. अशा कारणावर नामंजूर लिहायला माणूस दगडाचा हवा. सगळं बनवणाऱ्यांकडेच ठेवायला सांगितलंय. १ जूनला एकदम दाखवणार.

४ मे, सोमवार

मागणीपत्र ३८: कापड कापायची मोठी कात्री, काळी मूठ, शिंपी वापरतात तसली. ४,२००, सहा हप्ते. तिची कात्री मागच्या वर्षीपासून अडकते. टोप्यांच्या खणात लपवली. पाकिटं काढल्यावर तिथे जागा झाली आहे.

१४ मे, गुरुवार

उद्या बँक. घाबरण्यासारखं काही नाही. एक कार्ड दुसऱ्याने फेडलं, दुसरं पहिल्याने फेडता येईल. विचारलं तर सांगू. विचारणार नाहीत.

बायकोने माझा शर्ट दोनदा इस्त्री केला. कॉलर उलटून नवी करून दिली.

रात्रीचे अकरा वाजलेत, तिसऱ्यांदा बूट पुसतोय. कॉफीमुळे.

१५ मे, शुक्रवार. दुपारी ३.००

विचारलं.

अधिकारी पोरसवदा होता. माझं नाव टाइप केलं. मग स्क्रीन आमच्याकडे फिरवली. दोन कार्डं, तीन लाख अकरा हजार, आणि खाली तांबड्या अक्षरात काहीतरी. बायको जवळ सरकून वाचायला लागली. तिला वाटलं, दुसऱ्या कुणाचं आहे. तसं म्हणालीसुद्धा: साहेब, हे चुकून दुसऱ्या कुणाचं लागलंय, आमचे हे फार काटेकोर आहेत.

त्याने माझ्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पेनस्टँडकडे पाहिलं. त्यात तीन रिफिल संपलेल्या होत्या.

कर्ज नामंजूर. त्यानेही हिरव्या शाईतच लिहिलं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. एक थांबा आधी उतरली. मी उतरू लागलो तर म्हणाली, नको.

१६ मे, शनिवार

तिने फाइल मागितली. एकेक मागणीपत्र वाचलं, एक्केचाळीस. चौथ्यापाशी खूप वेळ थांबली. कॉफी मशीन, कारण: काटकसर. मग एवढंच म्हणाली की मी हे सगळ्या इमारतीला बक्षीस म्हणून सांगितलं हो.

बूट, पाटी, खुर्च्या, आरसा. आरशाचं कारण वाचून डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, विरघळली. म्हणाली, तुम्ही मला एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं की मला आनंद कशाने होतो.

यातली किती नामंजूर केलीत, विचारलं. एक, म्हटलं. कुठलं? मुलीचे बूट. तेही नंतर मंजूर केलं.

मला लाज वाटली. या वहीत हे वाक्य पहिल्यांदाच येतंय. खोडणार नाही.

२४ मे, रविवार

दशांश घरी आले. मीच बोलावलं. मित्र मीच, असं सांगायला लागलो तर म्हणाले, माहीत आहे, २ एप्रिलपासून. बायको आणि ते तीन तास पेन्सिल घेऊन बसले. पाटी आणि खुर्च्यांची ऑर्डर रद्द, थोडं नुकसान सोसून. आरसाही परत. मशीन आणि सायकल विकायची. माझा पगार तिच्या हातात. चार वर्षं दोन महिने लागतील. दशांशही 'दोन महिने' म्हणाले, पॉइंट काही म्हणाले नाहीत.

मी कॉफी विचारली. कुणी घेतली नाही.

१ जून, सोमवार. सकाळी ७.३०

गाळा दुसऱ्याला गेला. चाव्या करून देणारा आहे. त्याने सकाळीच शटर उघडून सामान लावायला घेतलं. बायको गॅलरीत उभी राहून बघत होती. मी शेजारी उभा राहिलो. तिने जा म्हटलं नाही.

मग आत आली. टेबलावरचं कापड बाजूला सारलं, फाइल काढली आणि कोरं मागणीपत्र भरलं. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे.

मागणीपत्र ४२. वस्तू: क्रेडिट कार्ड. नग: दोन. कारण: कापण्यासाठी.

मागणाऱ्याच्या जागी तिची सही. मंजूर करणाऱ्याची जागा मोकळी. हिरवं पेन माझ्यापुढे ठेवलं.

बोलायला गेलो की अडीअडचणीला निदान एक तरी. तिने पेन आणखी जवळ सरकवलं. मुलगी नव्या बुटात दारात उभी होती. मी सही केली. अक्षर हललं.

तिने स्वतःची कात्री घेतली. पहिल्याच कार्डाला अडकली. तेव्हा म्हणाली, ते अडतीस नंबरचं कुठे लपवलंय, आणा.

टोप्यांच्या खणातून आणून दिली. तिने मूठ हातात बसवून पाहिली, एकदा हवेत उघडमीट केली. दोन्ही कार्डं चार तुकड्यांत, एका दमात.

कात्री चांगली आहे, म्हणाली. तीन महिन्यांत माझ्याबद्दलचं पहिलं खरं चांगलं वाक्य.

पहिला हप्ता ५ जूनला.