भरून आणलेलं घड्याळ

रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझ्या पाया पडतो. राग गेला नसेल तर पाय मागे घे, पण पत्र मात्र पुरं वाच.

इकडे सगळं ठीक आहे. खिडकीसमोरचं झाड पिवळं झालंय, वरच्या मजल्यावरची मुलं दुपारभर चेंडू आपटतात, आणि तुझी भावजय माझ्यावर नेहमीसारखीच ओरडते. तुझ्या लेकीच्या लग्नाला आलो नाही म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. रजा मिळाली नाही, असं मी कळवलं होतं. त्याचं नंतर लिहितो.

आधी घड्याळाचं. मी बसवर ड्रायव्हर म्हणून लागलो तेव्हा तू घेऊन दिलेलं. "याला चावी द्यावी लागत नाही, ठोंब्या. हात हलला की ते आपोआप चालतं," असं तू म्हणाली होतीस. इतकी वर्षं स्टिअरिंग फिरवता फिरवता ते बिनबोभाट चाललं. उन्हाळ्यात एके सकाळी मनगटावरच बंद पडलं.

तुझी भावजय ते घड्याळजीकडे घेऊन गेली. त्याने झाकण उघडून पाहिलं. म्हणाला, "घड्याळ ठणठणीत आहे. घालतं कोण?"

"आमचे हे."

"काढून ठेवलं होतं का?"

"नाही हो, हातातच असतं."

"मग साहेबांचा हात हलत नाही वाटतं!" तो हसला. ही हसली नाही. मग बाजूची चावी हलक्या हाताने कशी फिरवायची ते त्याने दाखवलं. "याने सुरू होईल बाई. पण रोज द्यावी लागेल."

ताई, कळलं ना तुला? डावा हात. घड्याळ थांबायच्या दोन दिवस आधी बुटाची नाडी बांधत होतो, ती बोटांतून सुटली ती सुटलीच. पाय सावरला, जीभही सावरली. हात मात्र कुशीत झोपलेल्या परक्या मुलासारखा पडून राहिला.

तुझी भावजय नुसती चावी देत बसणाऱ्यातली नाही. सकाळी घड्याळ स्वतःच्याच हातात घालते. फरशी पुसते, कपडे पिळते, आणि दुपारी ते माझ्या मनगटावर बांधते. "घ्या, भरून आणलंय." मग मी पडून राहतो. ऊन भिंतीवरून सरकत असतं. मनगट उशीवर घेतलं की बारीक टिकटिक ऐकू येते आणि डोळा लागतो. स्वप्नात मी रिकामी बस चालवत असतो. रस्ता पाण्यासारखा मऊ, आवाज म्हणून नाही. प्रत्येक थांब्यावर तू उभी असतेस. मी दार उघडतो, तू चढत नाहीस.

गेल्या आठवड्यात ही तापाने आडवी झाली. दुपारी शेजारच्या खाटेवर तिला गाढ झोप लागली होती. माझ्या मनगटावर घड्याळ थांबलेलं. तिला उठवायचं जिवावर आलं. मग उजव्या हाताने डावा उचलला आणि पाळण्यासारखा झुलवू लागलो. आत एक इवलंसं वजन गोल फिरत होतं, त्याची कुजबुज ऐकू येत होती. सेकंदकाटा निघाला. मी आपला झुलवतच राहिलो. केव्हातरी उजवा हात दमून सुटला आणि ताई, डावा लगेच पडला नाही. जरासा तरंगला. मग हळूच, माझ्या मर्जीने, खाली आला.

ही जागी होऊन बघत होती. "किती वाजले?" तिने विचारलं.

"वाजले असतील काहीतरी," मी म्हणालो, आणि ती रडायलाच लागली.

आता रजेचं. रजा हवी तेवढी होती. बस मी आता चालवतच नाही. लग्नाला आलो नाही, कारण भाची धावत येऊन बिलगली असती आणि मला तिला एकाच हाताने जवळ घ्यावं लागलं असतं. ते तू पाहिलं असतंस. त्यापेक्षा तुझा राग परवडला, असं वाटलं. नाही परवडत.

तिला घेऊन ये. जावईबापूंनाही आण. दारात रडायचं मात्र नाही.

लिहिताना कागद सरकतो, म्हणून त्यावर डावा हात ठेवलाय. मीच ठेवलाय, कोणी उचलून ठेवलेला नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
ठोंब्या