चिकनसोबत काय करायचं

३ ऑक्टोबर, सोमवार

चिकन ठरलं. सोबत काय करायचं ते ठरत नाही.

चिकनला काही डोकं चालवावं लागलं नाही. हे दर शनिवारी कोपऱ्यावरच्या चिनी दुकानातून आणायचे तेच – तळलेलं, लालसर, गोड-तिखट रसात घोळलेलं. दोन्ही मुलं त्यावर वाढली. बाकी सगळ्यावरून भांडायची, त्यावरून कधीच नाही. आता चौदा महिने झाले, बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून म्हटलं, पंधरा तारखेच्या शनिवारी दोघांना एका टेबलाशी बसवायचं. चिकन समोर असलं की तोंडं उघडतील. निदान खायला तरी.

भांडण कशावरून, ते या वहीत मी कधी लिहिलं नाही. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, यांच्या डोक्याचं ऑपरेशन करता येईल, कदाचित जगतील, पण कोणाला ओळखतील अशी आशा धरू नका. मुलगा तेव्हा परगावी लिफ्ट दुरुस्त करत होता. लिफ्टच्या खड्ड्यात फोन लागत नाही. तो संध्याकाळी पोचला, तोवर ‘ऑपरेशन नको’ या कागदावर मुलीची सही झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी हे गेले. मुलगा तिला एवढंच म्हणाला, “तुला भारी घाई होती.” तेव्हापासून बंद.

४ ऑक्टोबर

दुकानात फोन केला. तीस वर्षांत पहिल्यांदा. फोन नेहमी हेच करायचे आणि मोजून बोलायचे – “नेहमीचं बांधून ठेवा.” मीही तेच म्हटलं, आडनाव सांगितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, “काकू, इथे सगळ्यांचंच नेहमीचं असतं. पदार्थ सांगा.”

पदार्थ मला कुठे माहीत? डब्यातून जे निघायचं ते खाल्लं. त्याचं नाव विचारायची वेळच आली नाही, नाव माहीत असलेला माणूस घरातच होता. “चुकून लागला,” म्हणून फोन ठेवून दिला.

झालं ते बरंच झालं. विकतचं आणलं तर दोघं डबे उघडणार, मोबाइलकडे बघत खाणार आणि पंचविसाव्या मिनिटाला चपला घालणार. घरी केलं तर थांबावं लागेल.

६ ऑक्टोबर

ग्रंथालयातून चिनी स्वयंपाकाचं पुस्तक आणलं. ग्रंथपाल शिक्का मारता मारता थांबले. “मावशी, कादंबऱ्या सोडून इकडे? तब्येत बरी आहे ना?” म्हटलं, जेवायला माणसं येणार आहेत. “मग तब्येतीला जपा,” म्हणाले.

आधी कोणीतरी पुस्तक नेलंय आणि पेन्सिलीने शेरे मारलेत. ‘दहा मिनिटांत तयार’च्या पुढे – ‘खोटं’. ‘चवीपुरतं मीठ’च्या पुढे – ‘कोणाच्या?’ या बाईशी माझं जमलं असतं. बाईच असणार.

७ ऑक्टोबर

मुलीला दुकानातून सुटल्यावर गाठलं. चष्म्याच्या दुकानात ती डोळ्यांचा नंबर तपासते, दिवसभर लोकांना विचारत असते – हे स्पष्ट दिसतं की ते? मी विचारलं, बाबा चिकनसोबत काय आणायचे?

“नूडल्स. बारीक. माझ्यासाठीच आणायचे ते.”

नंतर मुलाला फोन केला. “भात. अंडं घातलेला. बाबा माझ्याकरता आणायचे, बाकी कोणी खायचं नाही.”

आणि मला शपथेवर आठवतंय की लसणावर परतलेल्या कोवळ्या शेंगा असायच्या, करकरीत, आणि त्या माझ्यासाठी असायच्या.

म्हणजे तीन डबे. यांना स्वतःला काय आवडायचं, ते तिघांपैकी एकालाही सांगता येईना.

शनिवारी या, असं दोघांनाही सांगितलं. मुलगी म्हणाली, “तोही येणार आहे का?” मी म्हटलं, अगं, आलं संपलंय, आणायला हवं. मुलगा म्हणाला, “ती असेल तर मी नाही.” मी म्हटलं, तुझा आवाज तुटतोय रे. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात, इथे तर मी ताकही लपवलं.

९ ऑक्टोबर, रविवार

आज सगळा दिवस सोबतीचे पदार्थ. चव बाजूला ठेवली. कोणत्या पदार्थाने माणसं बोलतील, एवढाच हिशोब.

नुसता भात नको. तो खाली मान घालून, भिंतीशी बोलल्यासारखा खाता येतो. नूडल्स चांगल्या – ताटात घेताना लोंबतात, फजिती होते, माणूस हसतो. अंड्याचा भात करायचा, पण भांडं एकच आणि टेबलाच्या एका टोकाला. म्हणजे “जरा इकडे कर” म्हणावं लागेल. सूप बाद. वाटीत तोंड घातलं की पाच मिनिटं कोणी सापडत नाही. शेंगा करीनच. त्याने कोणी बोलणार नाही, पण माझ्या आहेत.

स्प्रिंग रोल सात करायचे. माणसं तीन, दोन-दोन खाल्ले की एक उरतो. “तू घे.” “नको, तू घे.” घर मोडलं तरी उरलेल्या एकाचा आग्रह होतोच.

काकडी व्हिनेगरमध्ये – विचार चालू आहे.

११ ऑक्टोबर

लाँड्रीत प्रेसवाल्या बाईंना सगळा बेत सांगितला. मी खिडकीजवळ शिवण-टाचण करते, त्या शेजारी इस्त्री. वाफेतून त्यांचं तोंड दिसत नाही, त्यामुळे त्यांच्याशी बोलणं सोपं जातं.

ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही जेवायला बोलावताय की उंदीर धरताय?”

म्हटलं, दोघं बोलली पाहिजेत.

“अहो, बोलायला सात गुंडाळ्या कशाला लागतात? खरं बोलायचं असेल तर कोरडा भातही पुरतो.” मग सदरा उलटा करत म्हणाल्या, “एक विचारू का? त्या दिवशी इस्पितळात तुम्ही तिथेच होतात ना? मग तुम्हाला कोणी काहीच कसं विचारलं नाही?”

मी सुई ओवत होते. बराच वेळ ओवत होते. त्या म्हणाल्या, “दोरा कधीचा गेलाय आत.”

१२ ऑक्टोबर

लिहून टाकते.

नको, असं मी म्हटलं होतं. मुलीने नाही. ती डॉक्टरांना “करा” म्हणायच्या बेतात होती. मी तिचा दंड धरला. कागद मी वाचला, दोनदा, खालची बारीक अक्षरंसुद्धा. चौथीत शाळा सुटली, पुढे लाँड्रीत कपडे बांधायला येणाऱ्या रद्दीवर मी नीट वाचायला शिकले. आधीचं पान फाटलेलं, शेवटचं दुसऱ्याच गठ्ठ्यात, तरी वाचलं. आयुष्यात वाचलेल्यापैकी तो एकच कागद असा, की कळला नसता तर बरं झालं असतं.

हे बस आगाराच्या चौकशीच्या खिडकीत बसायचे. माणूस रांगेत उभा असतानाच त्याला कुठे जायचंय ते ओळखायचे. ते नुसते डोळे उघडे ठेवून पडून राहणार – हे नको होतं. त्यांना नको झालं असतं की मला बघवलं नसतं? चौदा महिने उसवून बघतेय, धागा सापडत नाही.

मग पेन तिच्या हातात दिलं. म्हटलं, तू कर सही, माझा हात चालत नाही. हात चालत होता. त्याच दुपारी तिथे बसून मी यांच्या सदऱ्याला बटण लावलं.

मुलगा आला तो तिच्यावर ओरडला, “आईला तरी विचारलंस का?” ती माझ्याकडे बघत राहिली. मी फरशीकडे. मग त्याने मला जवळ घेतलं. “तुझ्यावर काय वेळ आणली गं हिने.” मला बरं वाटलं. वाईट याचंच वाटतं की खरंच बरं वाटलं. आणि तिने आजवर तोंडातून शब्द काढला नाही.

सात रोल करा, नाही तर सत्तर. गाठ माझ्याजवळ आहे.

१३ ऑक्टोबर

पुस्तक म्हणतं कॉर्नफ्लोअर. पेन्सिलवाली म्हणते ‘दुप्पट घाला’. पेन्सिलवालीचं ऐकलं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

रंगीत तालीम केली. एकदाच तळलं तर रसात पडताच चिकन मऊ पडतं, ओल्या मोज्यासारखं. दोनदा तळावं लागतं – आधी मंद आचेवर सहा मिनिटं, मग काढून गार करायचं, मग कडक तेलात पुन्हा. दुसऱ्या घाण्याला आवाज आला, दुकानातल्यासारखा. उभ्या उभ्या चार तुकडे खाल्ले. जेवताना पहिला तुकडा हे माझ्या ताटात टाकायचे, “बघ गं, आज तिखट झालंय का.” त्यांना मुळीच तिखट चालायचं नाही. एवढं त्यांचं आठवलं.

सरावही केला, बोलायचा. गॅसकडे बघून. “मला एक सांगायचंय.” छे. असं म्हटलं की दोघांना वाटणार, मला काहीतरी आजार झालाय. तेवढ्यापुरती तरी एकत्र येतील – हाही विचार मनात येऊन गेला. माझी मजल कुठवर जाते बघा.

१५ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

शेंगा निवडून झाल्या. रोल वळून ओल्या फडक्याखाली. नूडल्स उकडून तेलाचा हात लावून ठेवल्या. भात कालचाच शिळा लागतो म्हणे, तो तयार आहे. काकडी करायची ठरली.

सांगायचं का, ते ठरलेलं नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार

मुलगी आधी आली. मुलाने दारात तिच्या चपला पाहिल्या आणि म्हणाला, “मी पुन्हा कधीतरी येतो.” म्हटलं, तेल तापलंय. तो आत आला. आमच्या घरात तापलेल्या तेलाला मान आहे.

भाताच्या भांड्याची युक्ती पहिल्या फेरीतच फसली. त्याने नुसती मान वर केली, तिने भांडं सरकवलं. माणसं न बोलताही भांडी सरकवतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नूडल्स लोंबल्या, कोणी हसलं नाही. सातवा रोल मधोमध पडून राहिला. मुलगा मला म्हणाला, “आई, छान झालंय.” मुलगी मला म्हणाली, “आई, छान झालंय.” दोन वेगवेगळ्या गावांहून पत्रं आल्यासारखं.

मी चमचा खाली ठेवला. “ऑपरेशन नको, असं मी म्हटलं होतं. ती करा म्हणत होती. सही मी तिला करायला लावली.”

मुलाच्या तोंडात घास होता. तो त्याने नीट चावून गिळला. मग म्हणाला, “हे आत्ता सांगतेस?”

“हो.”

“चौदा महिने मी हिला...”

मला वाटलं होतं, मुलगी रडेल, सुटल्यासारखी. ती शांतपणे म्हणाली, “सुरुवातीला रोज वाट बघायचे, आज सांगशील म्हणून. मग वाट बघायची सोडली. तेव्हा कुठे झोप लागायला लागली. आता कशाला गं?” उठली, ताट नळाखाली धरून विसळलं आणि निघून गेली.

मुलगा आणखी थोडा वेळ बसला. मी म्हटलं, रागाव माझ्यावर. “तुझ्यावर कसं रागवायचं ते मला येत नाही,” म्हणाला. “शिकावं लागेल.” दारातून परक्याच्या घरी म्हणतात तसं म्हणाला, “जेवण उत्तम झालं होतं.”

उरलेलं डब्यांत भरलं. शेंगांना कोणी हात लावला नव्हता.

१८ ऑक्टोबर

अजून शेंगाच.

२० ऑक्टोबर

प्रेसवाल्या बाईंनी विचारलं, काय झालं? म्हटलं, कोरड्या भाताने भागलं असतं. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. कामाच्या वेळात बसायची मुभा नाही, तरी बसल्या.

दोघांचाही फोन नाही.

२२ ऑक्टोबर, शनिवार

संध्याकाळी मुलीचा फोन आला. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. “चिकन दुसऱ्यांदा किती वेळ तळायचं?” म्हटलं, दोन मिनिटं, तेल चांगलं कडक हवं. मागून मुलाचा आवाज आला – “ताई, तिला विचार, भातात अंडं आधी की नंतर.”

“आधी,” मी म्हटलं. तिने फोन ठेवला.

मला बोलावलं नाही.